टपाल आले, पण पोचले का?

(भंडारा येथे लघुउद्योजक व व्यापारी बंधुभगिनींसमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. वक्ते जिल्ह्यात राईस मिल चालवतात.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय ‘उद्योगासाठी डिजिटल टपालकक्ष’ असा छापला आहे. सकाळी चहाच्या वेळी एका ज्येष्ठ मिलमालकांनी मला बाजूला घेऊन विचारले, “काहो भाऊ, आमच्याकडे दिवसाला चार पाकिटे येत नाहीत. चार पाकिटांसाठी कक्ष कशाला?” त्यांचा प्रश्न रास्त आहे. दोन वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न विचारला असता. म्हणून आधी माझ्याच घरची गोष्ट सांगतो. ती सांगण्यात भूषण नाही, पण आपल्या माणसांसमोर आपली चूक सांगायला संकोच कसला?

आमचे कार्यालय २०२० पर्यंत भंडारा शहरात, नदीकडच्या सखल भागातल्या जुन्या घरात होते. वडिलांच्या काळापासून एक दिवाणजी तेथे बसत. त्यांच्यामागे भिंतीला तीन तारा टांगलेल्या असत. त्यांत बिले ओवलेली. शेजारी लाकडी फडताळ, त्यात कापडात बांधलेली वर्षावर्षाची गाठोडी. कोणताही कागद मागितला की ते क्षणभर डोळे मिटत आणि नेमका हात घालून तो काढून देत. आमची आवक-जावक नोंदवही होती, पण खरी नोंदवही म्हणजे दिवाणजींची स्मरणशक्ती. आम्हाला तिचा अभिमान होता. माणूस इतका विश्वासू असताना पद्धत कशाला हवी, असे आम्ही मानत होतो.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला. आपल्यापैकी बहुतेकांनी तो भोगला आहे. पावसाने येथे फारशी भीती दाखवली नव्हती. वरून, मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सुटले आणि रातोरात शहरात शिरले. संघाचे स्वयंसेवक आणि इतर अनेक संस्थांचे कार्यकर्ते त्या दिवसांत घराघरांतून माणसे बाहेर काढत होते. मीही त्यात होतो. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या कार्यालयाचे दार उघडले तेव्हा फडताळ आडवे पडले होते आणि गाठोड्यांचा लगदा झाला होता. आठवडाभर घरातल्या स्त्रियांनी एकेक कागद गच्चीवर वाळत घातला. शाईच्या लिखाणाचे निळे डाग झाले होते. त्याहून वाईट अवस्था छापील बिलांची: उष्णतेने छापल्या जाणाऱ्या त्या काटा-पावत्या आणि पेट्रोल पंपाच्या चिठ्ठ्या कोऱ्या करकरीत निघाल्या. दिवाणजी एकही शब्द बोलले नाहीत. त्या दिवाळीनंतर ते कामावर आले नाहीत.

पुराने कागद नेले, तरी धंदा चालू राहिला. आम्ही कार्यालय मिलवर हलवले, एक संगणक घेतला आणि आता आपण आधुनिक झालो, असे समजून चाललो. खरा फटका पुढे बसला. २०१७-१८ हे वस्तू व सेवा कराचे पहिलेच वर्ष. त्या वर्षी सुटे भाग आणि पोती यांच्या बिलांवर घेतलेल्या क्रेडिटविषयी सप्टेंबर २०२३ मध्ये आम्हाला नोटीस आली. ‘आली’ म्हणजे पोर्टलवर ‘अतिरिक्त नोटिसा व आदेश’ या कप्प्यात येऊन पडली. ईमेल गेला तो नोंदणीच्या वेळी दिलेल्या पत्त्यावर, आणि तो पत्ता व मोबाइल क्रमांक आमचे काम तेव्हा पाहणाऱ्या एका सल्लागाराच्या कार्यालयाचा होता. त्यांचे काम आम्ही केव्हाच सोडले होते. पत्ता बदलायचे मात्र कोणालाही सुचले नव्हते. उत्तर गेले नाही. डिसेंबरमध्ये एकतर्फी आदेश झाला. तोही त्याच कप्प्यात पडून राहिला. जून २०२४ मध्ये बँकेतून फोन आला की आपल्या खात्यातून वसुलीचे पत्र आहे, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळले.

अपिलाची मुदत तीन महिने, आणि सबळ कारण असल्यास आणखी एक महिना. दोन्ही उलटून गेलेले. मला आशा होती की ‘आम्ही पाहिलेच नाही’ या म्हणण्याला काही किंमत असेल. कर कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोटीस बजावण्याच्या ज्या रीती सांगितल्या आहेत, त्यांत टपाल आणि ईमेल यांच्याबरोबर पोर्टलही आहे. मद्रास उच्च न्यायालयाने अनेक व्यापाऱ्यांना या बाबतीत दिलासा दिला, काही रक्कम भरण्याच्या अटीवर प्रकरणे पुन्हा सुनावणीस पाठवली, हे खरे. पण त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. आमच्या सुदैवाने त्याच वर्षी कलम १२८अ आले. पहिल्या तीन वर्षांच्या अशा मागण्यांत मूळ कर ३१ मार्च २०२५ पर्यंत भरल्यास व्याज आणि दंड माफ, अशी ती सवलत होती. आम्ही मूळ कर भरला. रक्कम सांगत नाही. एका चांगल्या हंगामाचा नफा त्यात गेला एवढेच सांगतो. गमतीची गोष्ट अशी, की तो कर आम्ही बुडवलेलाच नव्हता. बिले होती, ती पुरात गेली. आणि बिलांच्या प्रती पुरवठादारांकडून मागवून वेळेत उत्तर देता आले असते, तर प्रकरण बहुधा तेथेच मिटले असते. म्हणजे कागद नदीने नेला, पण पैसा आमच्या अनास्थेने नेला.

आता सकाळच्या प्रश्नाकडे येतो. चार पाकिटे येतात, हे आपले मोजणेच चुकते. त्या जूनमध्ये मी एका रविवारी कोरा कागद घेऊन बसलो आणि आमच्या मिलमध्ये बाहेरचा मजकूर कोणकोणत्या दारांनी आत येतो ते लिहून काढले. पोस्टमन. कुरिअर. तीन ईमेल पत्ते, त्यांतला एक माझ्या पुतण्याच्या महाविद्यालयीन काळातला. कराचे पोर्टल, आयकराचे पोर्टल, भविष्य निर्वाह निधीचे पोर्टल. महावितरणचे वीजबिल. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची मुदत. बँकेचे संदेश. चार जणांच्या फोनवरचे व्हॉट्सॲप. आणि ट्रकचालकाच्या शर्टाच्या खिशातली काटा-पावती! सरकारी धानाची भरडाई करणाऱ्यांना सांगायला नको की या खिशावर केवढा हिशेब अवलंबून असतो. एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ जमा करायचा, त्याचा मेळ उचल आदेश, गोदामाची पोच आणि काटा-पावती या तीन कागदांवरच बसतो. तेरा दारे निघाली. तेरापैकी दोनच दारांवर कोणी माणूस उभा होता.

डिजिटल टपालकक्ष या शब्दाने बिचकू नये. त्याचा अर्थ एवढाच की बाहेरून येणारा प्रत्येक मजकूर, मग तो कागदावर असो की पडद्यावर, एकाच उंबऱ्यावरून आत यावा; उंबऱ्यावरच त्याची नोंद व्हावी, त्याची प्रतिमा निघावी, आणि पुढे कागद न फिरता ती प्रतिमा फिरावी. आपल्या बँकांनी हे आपल्या डोळ्यांदेखत केले आहे. पूर्वी धनादेश पोतडीत भरून एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जात असे. २००८ च्या फेब्रुवारीत दिल्लीत चेक ट्रंकेशनचा प्रारंभ झाला आणि पुढे तो देशभर पसरला. आता धनादेश जेथे भरला तेथेच थांबतो, प्रवास करते ती त्याची प्रतिमा. आपल्यातल्या कोणालाही त्यामुळे धनादेश खोटा झाला असे वाटत नाही.

आणि ही दृष्टी आपल्याला परकी तरी कोठे आहे? छत्रपतींच्या अष्टप्रधानांत सचिव म्हणजे सुरनीस यांचे कामच राजपत्रांचा मजकूर तपासणे हे होते. बाळाजी आवजी चिटणीसांचे नाव इतिहासात राहिले ते पत्रलेखनामुळे. पत्राच्या आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब. मोर्तब कशासाठी? मजकूर येथे संपला, याच्या खाली कोणी एक अक्षर वाढवू नये, यासाठी. आजच्या संगणकशास्त्रात यालाच हॅश म्हणतात. फाइलच्या आशयावरून एक लांबलचक अक्षरमालिका तयार होते आणि फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ती मालिका बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात दाखल करताना जे प्रमाणपत्र जोडायचे, त्याच्या नमुन्यात हे हॅश मूल्य लिहावे लागते. मोर्तबाचे हे नवे रूप मला तरी फार आवडले.

या संदर्भात आणखी एका मराठी माणसाचे स्मरण करतो. आपल्या पत्त्याखाली आपण ४४१९०४ लिहितो, तो पिनकोड देशाला दिला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली. त्यांच्यासमोर प्रश्न होता तो असा: देशात एकाच नावाची शेकडो गावे, पत्ते अनेक लिप्यांत आणि नाना हस्ताक्षरांत लिहिलेले, पत्र वाचणाऱ्याला भाषा येत नसली तरी ते योग्य जागी जावे कसे? सहा अंकांनी तो सुटला. पहिला अंक विभागाचा, पुढे उपविभाग, पुढे वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटी वाटप करणारे कार्यालय. कारखान्यातल्या टपालकक्षासमोरचा प्रश्न लहान प्रमाणात हाच आहे.

आता प्रत्यक्ष आम्ही काय केले ते सांगतो. २०२४ च्या दिवाळीनंतर आरंभ केला. यंत्रसामग्री म्हणाल तर दोन्ही बाजू एकदम घेणारा, कागद आपोआप ओढणारा एक स्कॅनर. ट्रकच्या टायरच्या एका जोडीपेक्षा त्याच्या किमतीत फार फरक नाही. एक तारखेचा रबरी शिक्का. एक क्रमांक मारणारे यंत्र, सरकारी कार्यालयांत असते तसले. आणि मोहाडी तालुक्यातली एक वाणिज्य पदवीधर मुलगी, जिने पहिल्याच दिवशी मला विचारले, “काका, पाकीट पण स्कॅन करायचे का?” मी म्हटले, पाकिटाचे काय करायचे? ते फेकून दे. माझ्या या उत्तराची मला नंतर लाज वाटली. नोटीस कधी निघाली, टपालात कधी पडली, आपल्याला कधी मिळाली, यावर मुदतीचे सगळे गणित उभे असते आणि ती साक्ष असते टपालाच्या शिक्क्यात, म्हणजे पाकिटावर. आता पाकिटाची पुढची-मागची बाजू पत्राच्या आधी स्कॅन होते. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले. त्यामुळे बारकोडवरून पाठपुरावा सोपा झाला आहे. तो बारकोड क्रमांकही आम्ही नोंदवतो.

नियम एकच पाळला, पण कडक पाळला. आवक क्रमांक पडल्याशिवाय कागद कोणाच्याही टेबलावर जाणार नाही, माझ्याही नाही. सुरुवातीला हे मलाच जड गेले. मालकाने पाकीट खिशात घालून घरी न्यायचे, ही आपली जुनी सवय. तिने दोनदा मला हटकले. तिसऱ्यांदा मी स्वतःहून पाकीट तिच्यापुढे ठेवले.

प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी: कोणाकडून आले, कशाविषयी आहे, त्यात कोणती शेवटची तारीख आहे, ते कोणाकडे दिले, आणि त्याने काय केले. पाचही महत्त्वाच्या, पण जीव तिसरीत आहे. पत्रातली तारीख शोधून ती दिनदर्शिकेत टाकणे, आणि त्या तारखेच्या दहा दिवस आधी संबंधिताला व मला आठवण जाणे, एवढे जरी आम्ही २०२३ मध्ये केले असते तरी पुरले असते. ज्याच्याकडे मजकूर गेला त्याने त्याच दिवशी ‘मिळाले’ अशी पोच द्यायची. पोच नाही आली तर दुसऱ्या दिवशी प्रकरण माझ्याकडे. शाखेत रोजची संख्या आणि वृत्त वर कळवायची जी सवय असते ना, तीच ही. श्रीगुरुजींच्या पत्रव्यवहाराचा संग्रह ‘पत्ररूप श्रीगुरुजी’ या नावाने प्रसिद्ध आहे; अखंड प्रवासात असणारा माणूस आलेल्या पत्राला उत्तर देणे किती आवश्यक मानत होता, हे त्यावरून दिसते. आपल्यापाशी वेळ नाही ही सबब त्यापुढे टिकत नाही.

पोर्टलचे काय? पोर्टल दार वाजवत नाही. म्हणून त्याच्याकडे आपणच जायचे. सोमवार आणि गुरुवार, सकाळी अकरा वाजता ती मुलगी प्रत्येक पोर्टल उघडते आणि नोंदवहीत लिहिते. काही नसेल तर ‘निरंक’ असे लिहिते. हा सरकारी शब्द मी पूर्वी थट्टेचा मानत असे. आता मला तो फार मोलाचा वाटतो. कोरी जागा म्हणजे कोणी पाहिलेच नाही असेही असू शकते. निरंक म्हणजे पाहिले, आणि काही नव्हते.

सर्व पोर्टलवरचे ईमेल व मोबाइल आम्ही बदलून घेतले. आता तेथे व्यक्तीचा पत्ता नाही, पदाचा आहे. माणूस गेला तरी पत्ता राहतो. येथे जमलेल्यांपैकी प्रत्येकाने आज घरी गेल्यावर एवढे एक काम करावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे. नोंदणीत कोणाचा मोबाइल आहे ते पाहा. बऱ्याच जणांना धक्का बसेल.

मूळ कागद ठेवण्याविषयी एक शोध लागला, तो सांगितलाच पाहिजे. पूर्वी आम्ही विषयवार गाठोडी बांधत होतो: बँकेची, विजेची, मजुरांची. मग एखादे पत्र दोन विषयांचे असले की भांडण. आता मूळ कागद केवळ आवक क्रमांकाच्या क्रमाने खोक्यात जातो. खोक्यावर ‘१ ते ३००’ असे लिहिलेले. विषयवार शोध संगणक घेतो, तो क्रमांक सांगतो आणि क्रमांकावरून खोके सापडते. लावण्याचे काम जवळजवळ संपलेच. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल होते. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांतून निवड करून पंचेचाळीस खंड छापले, तेव्हा कोठे त्यातला काही भाग अभ्यासकांच्या हाती आला. कागद जपून ठेवणे आणि कागद सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सापडण्याची अडचण मराठीत अंमळ अधिक आहे. आमच्या पहिल्या महिन्यातल्या नोंदींत ‘पवनी’ दोन प्रकारे लिहिली होती, ‘राईस मिल’ तीन प्रकारे. एका पक्षाचे नाव एकाने मराठीत आणि दुसऱ्याने रोमन लिपीत. संगणकाला हे चार वेगळे पक्ष. म्हणून दिवाणजींकडे जाऊन आम्ही पक्षांची आणि गावांची प्रमाण यादी केली. सातही तालुके, प्रत्येक गाव, प्रत्येक व्यापारी, एकच लेखन. दुसरी अडचण जुन्या फाँटांची. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांच्या जुन्या रीतीने टंकलेली पत्रे पडद्यावर मराठी दिसतात, पण शोधायला गेले तर सापडत नाहीत, कारण आत अक्षरे मराठी नसतात. नवे सर्व काम युनिकोडमध्येच करा. तिसरी अडचण यंत्राने अक्षर वाचण्याची. छापील मराठी आता बऱ्यापैकी वाचले जाते. हस्ताक्षर मात्र नाही. एक विक्रेता आमच्याकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक सॉफ्टवेअर घेऊन आला होता. माणूस नकोच, सर्व आपोआप होईल, असे त्याचे म्हणणे. त्याला आम्ही काट्यावरची हाताने लिहिलेली पावती दिली. त्याच्या यंत्राने १ चा ९ केला. ऐंशी क्विंटलांचा फरक पडला! सॉफ्टवेअर वाईट आहे असे मी म्हणत नाही. पाच वर्षांनी ते आमच्या मुलीपेक्षा बरे वाचेल कदाचित. पण आज वजन आणि रक्कम माणसाने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये.

किती काळ ठेवायचे, असे विचारतात. वस्तू व सेवा कराचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. त्या वर्षाचे अपील वा चौकशी चालू असेल तर ती संपल्यावर आणखी एक वर्ष, यांत जे नंतर येईल ते. कंपनी असेल तर हिशेबपुस्तके आठ आर्थिक वर्षे. स्कॅन झाले म्हणून खरेदीखत, बँक हमीचे मूळ पत्र, मुद्रांकावरचा करार रद्दीत घालू नका. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली, पण मृत्युपत्र आणि न्यासपत्र त्यातून वगळलेले आहे. त्यांचा कागदच लागतो.

आता थोडे कटू बोलतो. ही सर्व प्रतिमांची पोतडी आपण ठेवणार कोठे? मित्राने सांगितले म्हणून आपण परदेशी कंपनीच्या ढगात ती टाकून मोकळे होतो. २०२५ च्या जुलैमधील नायरा एनर्जीचे प्रकरण आठवा. गुजरातमध्ये वाडिनारला या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. रशियाच्या रोसनेफ्टचा तिच्यात मोठा वाटा. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले. निर्बंध युरोपचे, कंपनी भारतात नोंदलेली, सेवा अमेरिकन मायक्रोसॉफ्टची, पैसे भरलेले. तरीही तिची ईमेल आणि इतर कार्यालयीन सेवा थांबवली गेली. स्वतःचीच पत्रे स्वतःला दिसेनात. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाली. मधल्या काळात तिने रेडिफ या भारतीय सेवेचा आधार घेतल्याची वृत्ते तेव्हा प्रसिद्ध झाली होती. एवढ्या मोठ्या कंपनीची ही कथा, तर तुमच्या-माझ्या मिलचे कोण ऐकणार? केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांची ईमेल व्यवस्था झोहो या तमिळनाडूतून वाढलेल्या स्वदेशी कंपनीच्या मंचावर नेली, ती काही भावनेच्या भरात नव्हे.

स्वदेशीचा आग्रह मी धरतो, तुम्हीही धराल. पण स्वदेशी संगणकही पुरात बुडतो. म्हणून आमची एक प्रत मिलवर, एक भारतातल्या सर्व्हरवर आणि एक छोट्या डिस्कवर नागपूरला माझ्या बहिणीच्या कपाटात. ती डिस्क दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बदलते. बहीण म्हणते, भाऊ आता तरी महिन्याला एकदा येतो. आणि वर्षातून दोनदा आम्ही खोटा पूर आणतो. म्हणजे मिलवरचा संगणक बंद ठेवायचा आणि फक्त त्या डिस्कवरून तीन पत्रे काढून दाखवायची. पहिल्या वेळी एकही निघाले नाही. डिस्कवर नुसत्या फोल्डरांची नावे उतरली होती, आत काही नव्हते. हे पूर येण्याआधी कळले, हे आमचे नशीब.

गोपनीयतेचे भान मात्र आपल्याकडे कमी आहे. कामगारांचे आधार, बँक खाते, दवाखान्याचे कागद आपण स्कॅन करतो आणि कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायदा बाजूला ठेवा. हमालाच्या बायकोच्या आजारपणाचा कागद चार लोकांनी पाहावा, हे आपल्या संस्कारात बसते का? आमच्याकडे तो कप्पा फक्त दोघांना उघडतो.

मघाशी दिवाणजींचा उल्लेख आला, तो अर्धाच राहिला. प्रमाण यादीसाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते फार बोलले नाहीत. मुलीने संगणक उघडून आदल्या आठवड्याचे टपाल दाखवले. त्यांनी चष्मा पुसून एकेक पाकीट पाहिले आणि मध्येच एकावर बोट ठेवले. “हे आधी उघडायचे होते जी. या रंगाचे पाकीट त्या बँकेतून फक्त हमीच्या मुदतीसाठी येते.” आम्ही ते सातव्या क्रमांकावर उघडले होते. त्या दिवसापासून ते बुधवारी दुपारी दोन तास मिलवर येतात. पाकिटे वाचत नाहीत, नुसती पाहतात, आणि कोणते किती तातडीचे ते सांगतात. मुलगी ते लिहून घेते. तिच्या वहीची साठ-सत्तर पाने झाली आहेत. भरडाईच्या हमीच्या पाकिटापासून ते महावितरणच्या शेवटच्या सूचनेपर्यंत, कोणत्या पाकिटाचा काय अर्थ, हे सगळे त्या वहीत उतरते आहे. पुस्तकात हे कोठेही नाही.

पुरातून वाचलेला लगदा अजून आमच्या गोदामात, जुन्या बारदानाखाली आहे. मी दोनदा तो उचलून टाकायला सांगितले. दिवाणजी नको म्हणाले. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी आणि त्या मुलीने मिळून त्यातले एक गाठोडे ओलसर फडक्याने पान पान सोडवले. २०१७-१८ ची अकरा बिले वाचता येण्यासारखी निघाली. त्यांना आवक क्रमांक पडले आहेत.